तारमास्तरांचा अटकाव

विजेची समजूत घालू शकणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो अकोल्यात माझ्या अडतीच्या दुकानाला लागून राहत होता. कापसाला सोन्याचा भाव आला होता ते दिवस. मुंबईचा भाव तारेनं यायचा आणि तारघर या आमच्या तारमास्तरांच्या हाती. वीज कशातून सुखानं जाते आणि कशात अडते, हे मोजायचं त्यांना वेडच होतं. सुईचं एक यंत्र घेऊन लिंबू, ओलं धोतर, भिजलेली भिंत, काहीही मोजत. एकदा माझ्या दोन्ही हातांत तारा देऊन म्हणाले, "तुमच्यात लय अटकाव आहे शेटजी. घरचे तुमच्याशी बोलतात तरी कसे?"

ऐन हंगामात तारघराच्या बॅटरीतल्या विलायती कोळशाच्या पट्ट्या निकामी झाल्या आणि नव्या येईनात. तार मुकी झाली, बाजार आंधळा झाला. मास्तरांनी पट्ट्या घरीच करायला घेतल्या. दगडी कोळशाची पूड गुळाच्या पाकात मळायची, साच्यात दाबायची, कुंभाराच्या भट्टीत भाजायची. मग एकेक मोजायची आणि सुई नीट हलली नाही की अंगणात फेकायची. अंगणात वावरून मास्तरांच्या बायकोचे, आमच्या वहिनींचे, पाय सदा काळे. तेवढ्यात तारखात्याच्या मोठ्या साहेबांचा निरोप आला, पट्ट्या तपासायला येतो, जमत नसेल तर अकोल्याला दुसरा माणूस देतो. मास्तरांचं अन्नपाणी तुटलं. अकोला सोडायचं त्यांच्या जिवावर येई.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मास्तर पाहतात तर सगळ्यांत चांगली पट्टी देवापुढे, पाकात चिंब. नवं काही केलं की आधी देवाला, हा वहिनींचा नेम. सुई जागची हलेना.

"कावून ओतला पाक?"

"मंग कोरडा निवद दाखवू काय देवाले?"

मास्तर पट्टी तशीच उचलून कुंभाराकडे पळाले आणि पुन्हा भाजून आणली. संध्याकाळी साहेबांसमोर मोजली, तर अटकाव आधीपेक्षाही कमी. पाक बारीक भोकांत शिरून आत त्याचाही कोळसा झाला होता. साहेब खूश झाले, इतके खूश की पट्ट्या करायला त्यांनी मास्तरांची थेट कलकत्त्याच्या कारखान्यात बदली केली.

स्टेशनावर मास्तर लहान मुलासारखे रडले. "मले पास व्हायचं होतं शेटजी, जायचं नव्हतं."

नव्या तारमास्तराला आम्ही कधी घरी बोलावलं नाही. तो बिचारा चांगला माणूस होता; अटकाव आमच्यातच होता.