दोन चमचे साखर

खोटं बोलणारा माणूस बोलण्याआधी खाकरतो. हा शोध तिचा स्वतःचा, आणि तिला त्याचा भारी अभिमान. लॅपटॉपच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. काहीतरी सांडून बिघडलेला लॅपटॉप कंपनी फुकट दुरुस्त करून देत नसे, त्यामुळे गिऱ्हाईक एकजात साळसूद. "आपोआप बंद पडला हो मॅडम, पाण्याचा थेंब नाही, शप्पथ!"

"काय सांडलं? खरं सांगा," ती गोड आवाजात विचारायची. आणि मग गप्प बसायची. नुसती गप्प. पलीकडच्याला ती शांतता सोसायची नाही. तो खाकरायचा, बायकोला उगाच दटावायचा, आणि शेवटी भडाभडा ओकून मोकळा व्हायचा: सरबत होतं, धाकट्यानं सांडलं, चांगलं गोड होतं. ऑफिसात तिचं नाव 'खरंसांगा बाई' पडलं ते यामुळे. नव्या मुलींना शिकवायचं कामही तिच्याचकडे. "भांडायचं नाही, धमकी द्यायची नाही. गप्प बसायचं. बोलतो तो आपणहून," ती सांगायची.

मग सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि बाईचं ऑफिस घरात आलं. नवरा परगावी नोकरीला. तो सुट्टीला यायचा, 'बाबांकडे लक्ष दे' म्हणून बजावायचा आणि परत जायचा. फार दमायचा बिचारा. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली, पण अट घालून. घरचं माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे तोवरच. ते उठून चालू लागलं, की बाईनं मुकाट्यानं ऑफिसात यायचं.

चालण्याचं नाव मात्र नको. व्यायाम शिकवायला एक दुसरी बाई यायची, तिच्यासमोर सासरे पाय असा लुळा सोडायचे की शेवटी तिनं हात टेकले. ते आपले पलंगावर उशीला टेकून दिवसभर सुनेचे फोन ऐकत. एखादा पकडला गेला की आतून आवाज यायचा, "सापडला लेकाचा!"

त्या दिवशी सकाळी बाई कानाला हेडफोन लावून एका प्राध्यापकाची कॉफी कबूल करून घेत होती. पाठीमागे कसलीशी चाहूल लागली. वळून बघते तो सासरे! स्वतःच्या पायांवर, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात भरलेला कप. दोघांची नजरानजर झाली, म्हातारा दचकला, पाय चार्जरच्या वायरीत अडकला, आणि कपातला चहा अख्खाच्या अख्खा कीबोर्डवर.

तिनं आधी सासऱ्यांना धरून खुर्चीत बसवलं. प्राध्यापक सुटला.

"बाबा, तुम्ही चाललात! अहो, चाललात तुम्ही!" तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "आणि माझ्यासाठी चहा आणलात?"

सासरे खाकरले. "हो तर. तुझ्यासाठीच."

एवढ्या मोठ्या तज्ज्ञ बाईला ते खाकरणं ऐकू आलं नाही. तिला आनंदच तेवढा झाला होता. मग तिचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं आणि तोंडचं पाणी पळालं. रोज जगाला जे जे करू नका म्हणून सांगायची, ते ते तिनं ओळीनं केलं. वायर काढायची राहिली. लॅपटॉप गदागदा हलवला. केस वाळवायचं यंत्र आणून गरम हवा मारली, तर दोन बटणं वाकडी झाली. वर तो चालू होतो का, म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहिलं. होता तेवढा जीवही गेला.

"ऑफिसात सांगशील?" सासऱ्यांनी विचारलं.

"लॅपटॉप त्यांचा आहे, सांगायला नको?"

"ते नाही गं. मी चाललो ते." त्यांनी मान खाली घातली. "तू गेलीस की दिवसभर इथं मी आणि भिंती. मला नाही जमायचं ते. भीती वाटते मला."

हा माणूस उभ्या जन्मात कुणाला भ्यालेला तिनं पाहिला नव्हता.

तिनं मोबाइलवरून आपल्याच कंपनीला फोन लावला. उचलला तो नेमका तिच्याच हाताखाली तयार झालेल्या मुलीनं.

"काय सांडलं मॅडम?"

"चहा. माझ्याच हातून."

"साखर होती?" हा प्रश्न विचारावाच लागतो, साखरेनं बटणं चिकटतात.

"छे! मी कधी साखर घेतलीये?"

पलीकडे शांतता. बाईनं ओळखलं, आपलंच शस्त्र आपल्यावर चाललंय. तिनं ओठ घट्ट मिटले. अशा शांतता तिनं ढिगानं पचवल्या होत्या. पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला हे प्रशिक्षण कुठलं मिळायला?

"दोन चमचे होती!" सासरे ओरडले. "मीच टाकली, माझ्या हातानं!"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. डॉक्टरांनी त्यांची साखर कधीच बंद केली होती. ती डबा वरच्या फळीवर ठेवायची, तरी साखर भराभर संपायची, आणि तिनं बिचाऱ्या मुंग्यांवर खापर फोडलं होतं. म्हणजे चहा तिच्यासाठी नव्हताच. म्हणजे हे चालणं आजचं नव्हतंच.

"मॅडम, मागे कोण बोललं?"

बाई खाकरली. "टीव्ही. टीव्ही चालू आहे."

पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब.

"बरं," मुलगी हळूच म्हणाली. "चूक तुमची म्हणून लिहिते. लॅपटॉप उलटा घालून ठेवा, हवा मारू नका. आणि मॅडम, टीव्हीला जपा."

फोन ठेवून बाई सासऱ्यांकडे वळली. संताप आला होताच. आणि रडूही येत होतं, त्याला ती काय करणार?

"कधीपासून चालताय?"

सासरे खाकरले.

"खाकरू नका. खरं सांगा."

ती गप्प बसली. त्यांना काही ती शांतता सोसवेना.

"थंडीत इथं घरून तू एक सरबतवाला पकडलास ना, तेव्हापासून. तू हेडफोन लावलेस की मी निघतो. येताना तुझ्या मागे जरा उभा राहतो, पलीकडचा काय म्हणतो ते हेडफोनमधून झिरपतं, ते ऐकायला."

"रोज?"

"रोज."

तिनं वाकून चार्जरची वायर वाटेतून बाजूला केली.

"उद्यापासून साखर बंद," ती म्हणाली. "आणि कप दोन आणा."