पट्टीतला खड्डा

माझ्या थोरल्या दिरांना सगळा धक्का ‘सेंटीमीटर’ म्हणायचा. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आतून बरंही वाटत असावं. बंदरावर उतरणारे बांगडे मोजायचे, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी बाकीचे सोयरे मुलगी दिसायला कशी म्हणून विचारत होते, ह्यांनी माझी उंची विचारली होती.

मी मासे विकते. तोंड आहे म्हणून धंदा आहे, तेव्हा जे आहे ते सरळच सांगते. चार वर्षं मी ह्या माणसाशी एक शब्द बोलले नाही. समोरून आले की मी टोपली उचलून दुसऱ्या गल्लीत शिरायची. त्यांची चूक एवढीच, की त्यांनी आमची बोट बंद पाडली.

नियम साधा होता. बांगडा तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अठरा सेंटीमीटर भरला पाहिजे. त्याहून लहान म्हणजे त्यानं अजून अंडी घातलेली नाहीत, त्याला पाण्यातच राहू द्यायचं. प्रत्येक बोटीच्या मालातून न बघता शंभर मासे उचलायचे आणि मोजायचे. दहापर्यंत लहान निघाले तर चालायचं, कारण जाळ्याला काही अक्कल नसते. अकरावा निघाला की बोटीच्या नावावर लाल शेरा. एका हंगामात तीन शेरे पडले की परवाना दोन वर्षं बंद. नियम आला तेव्हा सगळ्यांनी शिव्या घातल्या, त्यात मी पुढे होते. पण खोटं कशाला बोलू, पाच-सहा वर्षांत माझ्या टोपलीतले बांगडे हाताला जड लागायला लागले. नियम चांगला होता.

मोजायची पट्टी दिरांनी स्वतः केली होती, सासऱ्यांच्या जुन्या होडीची एक फळी कापून. हातभर लांब, वर कोरलेल्या रेघा, आणि एका टोकाला उभा ठोकळा. माशाचं तोंड ठोकळ्याला टेकवायचं आणि शेपटी कुठे येते ते बघायचं. “पुरा. पुरा. कमी. पुरा.” एका सुरात चालायचं, कोणाची बोट आहे ते आवाजावरून कधी कळायचं नाही. प्रत्येक बोटीनंतर पट्टी ओली वाळू आणि ब्रश घेऊन खसाखसा घासायची. एका बोटीचा चिकटा दुसऱ्या बोटीच्या माशाला लागता कामा नये. त्या ठोकळ्यावर जेवढा हात फिरला तेवढा त्यांच्या स्वतःच्या गालावरून फिरला नसेल. वर्षातून एकदा मासेमारी खात्याच्या ऑफिसचा माणूस यायचा, स्टीलच्या पट्टीनं रेघा तपासायचा, शिक्का मारून जायचा. रेघा कायम बरोबर निघायच्या.

बोट बंद पडली त्या हंगामात तिला पहिला शेरा पडला तेव्हा एकोणीस मासे कमी निघाले होते. दुसऱ्या वेळी पंधरा. त्यात आमचीच चूक होती, जाळं बारीक डोळ्यांचं होतं. माझ्या नवऱ्यानं मुकाट्यानं नवं जाळं आणलं, मोठ्या डोळ्यांचं, आणि जुनं माळ्यावर टाकलं. म्हणाला, “आता बघू दादा काय काढतो ते.”

दादानं अकरा काढले.

मी तिथेच होते. अकराव्या माशाला “कमी” म्हणताना दिरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. माझा नवरा खाली वाकून बघत होता. तो म्हणाला, “दादा, मासा ठोकळ्यात शिरतोय. बोटानं चाचपून बघ.”

दीर म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा.” आणि पट्टी घासायला घेतली.

मग माझी जीभ सुटली. अख्ख्या धक्क्यासमोर मी त्यांना म्हटलं, “एकच मासा जास्त आहे, भावजी. पाठच्या भावासाठी एक मासा सोडता आला नसता? कोण बघायला आलं होतं?” ते पट्टीच घासत राहिले. आणि माझा नवरा माझ्याकडे असा बघत राहिला, की त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला वाटलं, मी मोठ्या दिरांना बोलले म्हणून लाजला असेल.

दोन वर्षं बोट नुसती उभी ठेवून कसं भागणार? ती विकली. घेणाऱ्यानं ती लांबच्या बंदरावर नेली आणि म्हणे हिरवा रंग दिला. माझा नवरा बर्फाच्या कारखान्यात लागला. लाद्या ओढून ओढून त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडली. दोघे भाऊ रस्त्यात भेटले की मान हलवायचे, बोलायचे नाहीत. मी तर मानसुद्धा हलवत नव्हते.

दिरांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले तेव्हा ऑफिसनं सगळ्या बंदरांना प्लॅस्टिकच्या नव्या पट्ट्या पाठवल्या. त्यानंतरच्या रविवारी भर दुपारी दार वाजलं. दारात दीर. एका बगलेत जुनी पट्टी, दुसऱ्या बगलेत नवी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बांगडा. चार वर्षांनी हा माणूस माझ्या उंबऱ्यावर आला तो मासा घेऊन, तोही मासे विकणारणीकडे. दुसरी वेळ असती तर मी हसले असते.

“तो आहे का घरात?” त्यांनी विचारलं.

मी बाजूला झाले. जेवणाचं टेबल पुसून दिलं. दिरांनी नव्या पट्टीवर मासा ठेवला. अठरा आणि वर दोन रेघा. तोच मासा जुन्या पट्टीवर ठेवला. सतरा सात.

“नवी पट्टी खोटी आहे असं दाखवायला मी निघालो होतो,” ते म्हणाले. “साहेबांना पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं. मग ठोकळ्यावरून बोट फिरवलं.”

त्यांनी माझ्या नवऱ्याचा हात धरला आणि त्याचा अंगठा ठोकळ्याच्या मध्यावर टेकवला. अंगठा आत बसला. मग मीही बघितलं. एकोणीस वर्षांतल्या माशांच्या तोंडांनी आणि रोजच्या वाळूनं तिथे गुळगुळीत खड्डा पडला होता. दिसत नव्हता, हाताला लागत होता. रेघा तपासणाऱ्यांनी रेघा तपासल्या, ठोकळ्याकडे कोण बघतो? स्वच्छतेपायी ह्या माणसानं स्वतःचं माप झिजवलं होतं.

“पाच रेघा खोल आहे,” दीर म्हणाले. “पण हे आजचं. चार वर्षांपूर्वी एवढा नसणार. मी तीनच धरल्या.” खिशातून त्यांनी वही काढली. मोजलेल्या प्रत्येक माशाचा आकडा ते वहीत उतरवायचे. आमच्या बोटीचं पान दुमडलेलं होतं. “तुझ्या अकरातले सहा पुरे होते. पाच कमी. तिसरा शेरा पडायलाच नको होता.”

चार वर्षं मी ह्याच दिवसाची वाट बघत होते. एकदा तरी ह्या माणसाचं चुकावं, एकदा तरी मान खाली जावी, म्हणजे मी काय काय बोलणार होते ते माझं तोंडपाठ होतं. आणि आता मान खाली गेली होती. मी उगाच तो मासा उचलून ताटलीत ठेवला.

माझा नवरा म्हणाला, “साहेबांना सांगितलंस?”

“उद्या सकाळी. सगळे असतील तेव्हा, धक्क्यावर.”

“नको सांगू. बोट गेली ती गेली. तुझं पेन्शन अडकवतील. नवी पट्टी आलीच आहे, आता ह्यापुढे कोणाचं वाईट होणार नाही.”

“झालं त्याचं काय?” दीर म्हणाले. “तुझी एकट्याची बोट नव्हती. वहीत अजून सात बोटी आहेत.”

दुसऱ्या दिवशी लिलाव सुरू व्हायच्या आधी ते मधल्या चबुतऱ्यावर उभे राहिले. पट्टी हातात उभी धरली होती. “पुरा, कमी” म्हणायचे त्याच सुरात त्यांनी सगळं सांगितलं. खड्डा किती, कधीपासून असावा, कुठल्या बोटींचे शेरे चुकीचे असू शकतात. साहेब खाली उभे राहून कपाळाला आठ्या घालत होते. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं दिरांकडे बघून वाटत होतं.

मागून एक म्हातारा तांडेल बोलला. त्याच्याही बोटीला त्यातला एक शेरा होता. “तुझा भाऊ तेव्हा म्हणाला होता ना, मासा शिरतोय म्हणून? मी ऐकलं होतं. मग का नाही बघितलंस?”

माझा नवरा माझ्याच शेजारी होता. येणार नाही म्हणाला होता, पण कारखान्याचे गमबूट घालून आला होता.

दिरांनी तोंड उघडलं आणि पहिल्यांदा त्यांचा सूर चुकला. “परक्यानं म्हटलं असतं तर लगेच बघितलं असतं,” ते म्हणाले. “भाऊ म्हणाला म्हणून नाही बघितलं. लोक म्हणतील भावाचं ऐकलं, ह्याची मला भीती वाटली.”

माझा नवरा गर्दीतून पुढे गेला. मला वाटलं, हात उचलतो की काय. तो चबुतऱ्याजवळ जाऊन म्हणाला, “वही काढ. अकरा खोड. पाच लिही.”

दिरांनी खिशातलं पेन काढलं. हात ओले होते, शाई फुटली, तरी लिहिलं. माझ्या नवऱ्यानं वही हातात घेऊन ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि वही परत दिली. “संध्याकाळी ये घरी,” एवढंच म्हणाला.

साहेबांनी पट्टी जप्त केली. चौकशी बसली, दिरांचा निरोपसमारंभ झाला नाही, पेन्शन सात महिने लटकलं. सात बोटींचे शेरे पुसले गेले. आमचाही पुसला. परवाना चुकीनं बंद केला होता असं पत्र आलं, पण बोट कुठे होती?

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी नवऱ्याबरोबर कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेले. तो सारखा हाताच्या बोटांकडे बघत होता. फाटकाशी थांबून म्हणाला, “पाचच होते.”

“मला ठाऊक होतं,” मी म्हटलं.

तो हसला. रागानं नाही, अगदी सवयीनं हसावं तसा. “मग त्या दिवशी माळ्यावर कशाला चढली होतीस?”

 चार वर्षांपूर्वी धक्क्यावरून घरी आल्या आल्या मी माळ्यावर चढले होते. जुनं जाळं ओलं आहे का, नवऱ्यानं चोरून तेच नेलं होतं का, ते हातानं चाचपून बघितलं होतं. कोरडं होतं. धक्क्यावर मी दिरांकडे दया मागितली होती, आणि जाळं कोरडं लागल्यावरही परत जाऊन माप मागितलं नाही.

तो आत गेला. मी टोपली उचलली आणि बाजाराच्या वाटेला लागले.