दूधखोलीतला कॅरम

जालिंदरनं टँकरचं आठ दिवसांचं पाणी सिमेंटात ओतलं, आणि मग त्याला आठवलं की घरातली माणसं पाणीही पितात.

"आवं, दोन्ही पिंपं?" त्याची बायको सिंधुबाई घागर घेऊन दारात उभी. "आता आठ दिवस काय फरशी चाटायची?"

"अगं, फरशीचा उतार घालवायचा होता."

उताराचं मात्र खरं होतं. घराची ही पुढची खोली म्हणजे गावची दूध सोसायटी. बावीस वर्षं जालिंदर तिचा सेक्रेटरी. कॅन धुतल्यावर पाणी आपोआप मोरीकडं पळावं म्हणून फरशीला उतार दिलेला. सोळा सालच्या दुष्काळात जनावरं छावणीला गेली, सोसायटीला कुलूप लागलं. खोलीत राहिला तो आंबूस वास आणि सेक्रेटरी.

त्यातच चाकणहून पोराचा, बिभीषणचा, फोन आला. "आबा, सुट्टीत कसं आणू पोरांना? म्हणतेत, गावाकडं खेळायला काय न्हाई."

पाणी आणणं जालिंदरच्या हातात नव्हतं. खेळ आणणं होतं. त्यानं दुधाच्या रजिस्टरच्या कोऱ्या पानावर नकाशा काढला. खिडकीखाली कॅरम, भिंतीकडं फरशीवर रंगवलेला सारीपाट, कोपऱ्यात गोट्यांची गल, काटा टांगायच्या कडीला झोका. सिंधुबाईसाठी सागरगोट्यांचा कोनाडाही होता, पण तिनं तो बघितला नाही.

"नातवांसाठी करताय का सोतासाठी?" तिनं विचारलं.

जालिंदर थापी फिरवत राहिला. बिभीषण नऊ वर्षांचा असताना रोज संध्याकाळी कॅनच्या रांगेत उभा राहायचा. हातात कॅन नाही, काखेत कॅरम. "आबा, एक डाव." "एवढं दूध होऊ दे." बावीस वर्षं दूध काही झालं नाही. झालं तेव्हा पोरगं चाकणला होतं.

अर्ध्या खोलीत सिमेंट संपलं. अर्धी फरशी सपाट, खिडकीकडची अर्धी अजून मोरीच्या बाजूची. शेजारच्या चतुराबाईनं दोन घागरी दिल्या, पण फुकट दिल्या नाहीत. "भावजी, त्या खोलीत तहानेचा बी एखादा खेळ मांडा!" सबंध गल्ली हसली. जालिंदरही हसला, दुसरं काय करणार.

मे महिन्यातल्या एका शनिवारी बिभीषण आला. एकटाच.

जालिंदरनं त्याच्या पाठीमागं बघितलं. मग फाट्याच्या रस्त्याकडं बघितलं.

"पाण्याचं नीट झालं की आणतो आबा त्यांना," बिभीषण बूट काढत म्हणाला. "उद्या सकाळच्या गाडीनं निघावं लागंल. ड्युटी हाय."

सकाळी चहा पिऊन तो खोलीत शिरला. झोक्याला हात लावला, सारीपाटावरून पाय उचलून गेला. "आबा, आजूक दुधाचाच वास येतोय."

"बस की," जालिंदर म्हणाला. "एक डाव."

बिभीषणनं घड्याळ बघितलं आणि मांडी घातली. पावडर टाकली, सोंगट्या लावल्या. पहिला नेम आबांचा. जालिंदरनं स्ट्रायकर मारला. सोंगट्या फुटल्या, एकही पडली नाही, आणि स्ट्रायकर उताराकडं घसरत घसरत सरळ जाळीत गेला.

"फाऊल! एक सोंगटी उधारी, आबा!" बिभीषण नऊ वर्षांच्या आवाजात ओरडला.

"घे की माझ्यातली."

"तुमची एक तरी पडलीय का? आधी पाडा, मंग फेडा."

तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. बिभीषणनं पिशवी उचलली, आईच्या पाया पडला, वाकून आबांच्याही पडला. "पोरांना घिऊन येतो, तवा फेडा. इसरू नका."

"मी कशाला इसरंन रं?"

गाडीची धूळ बसेपर्यंत जालिंदर दारात उभा राहिला. मग आत येऊन कॅरमपुढं बसला. सिंधुबाई झाडू घेऊन आली, बोर्डाभोवतीनं झाडून गेली.

एक पांढरी सोंगटी जाळीच्या तोंडाशीच होती. नुसतं बोट लावलं असतं तरी पडली असती.

जालिंदरनं लावलं नाही.