दोन बोटांत धरलेला पेचकस

कारंज्याजवळ हायवेवर गाडीतून वाफ निघाली. ढाब्याशेजारच्या मिस्त्रीनं इंजिनाची पाण्याची नळी काढली. क्लिपखाली रबर कापलं गेलं होतं.

"एवढी कोनं कसली जी?"

"भावानं," मी म्हणालो. आठ महिन्यांपूर्वी नळी गळू लागल्याचं खापर घरीही मी धाकट्यावरच फोडलं होतं. तेव्हापासून तो गाडीला हात लावत नव्हता.

मिस्त्रीनं नळीचं कापलेलं टोक छाटून ती परत बसवली आणि तीन क्लिपा लावून पाहिल्या. बरोबर मापाची निवडून ती नळीच्या टोकापासून जराशी मागे सरकवली आणि पेचकस दोनच बोटांत धरून फिरवला. रबर दबताच थांबला.

"एवढ्यानं गळणार नाही?"

"नाई गळत. घाबरलेला मानूसच जोर लावते. लावा भावाले फोन, शिकवतो त्याले."

मी फोन काढला नाही. मिस्त्री हसला. "काऊन जी? फोड तुमच्या हातावर आन् शिकवनी भावाले?"

सकाळी निघताना क्लिप आणखी कसली होती ती मीच. तळहातावरचा फोड मी मुठीत लपवला होता, पण त्यानं तो आधीच पाहिला होता. मूठ उघडली, फोन लावला. "तुझी चूक नव्हती रे, मीच कसत होतो," एवढं म्हणायला मला आठ महिने लागले.

मिस्त्रीनं पाणी भरून गाडी सुरू केली आणि नळीवरून बोट फिरवून मला दाखवलं. "पाहा, कोरडं हाय."