दोन वर्षं माफ

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. भांडणं असतात म्हणून नव्हे. कबनूरला आमचं घर आणि मागांचा कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तिच्यापलीकडं माग दिवसभर खडाखडा चालायचे. अशा ठिकाणी लहानाचं मोठं झालेलं माणूस कानात सांगायची गोष्टसुद्धा ओरडूनच सांगतं. नाहीतर मग हातानं. ओठाला अंगठा लावला की पाणी, तळहातावर दोन बोटं आपटली की चहा, मनगटावर टिचकी मारली की वेळ झाली. पावणं आलं तर त्याची खूण वेगळी, सूत तुटलं तर त्याची वेगळी. 'मला करमत नाही' याला मात्र खूण नव्हती, आणि ओरडून सांगण्यासारखी ती गोष्टही नव्हे.

मी त्या घरातली थोरली. नव्वदीच्या सुरुवातीला कोल्हापुरात कॉलेजला होते. बी.ए.ची दोन वर्षं पास झाले, तिसऱ्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि मी घरी येऊन कांड्या भरायला बसले. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसते, ती भरायचं काम आमच्यात बायकांचं. पुढं वडील गेले, मग आई गेली. धाकट्या भावाचं लग्न झालं, माझं राहिलं. का राहिलं ते मला विचारू नका, ज्यांनी ठरवायचं ती माणसंच राहिली नव्हती.

भाऊ चांगला, वहिनी चांगली. वाईट असती तर निदान भांडायला तरी मिळालं असतं! दिवसभर सगळी मला हाका मारायची. अक्का, कांड्या संपल्या. अक्का, पोराला घे. अक्का, दूध उतू चाललंय. संध्याकाळी कधी दारात टेकले की ध्यानात यायचं, आज माझ्याशी कुणी बोललंच नाही, नुसत्या हाका मारल्या. सांगायचं कुणाला? आणि ऐकू तरी काय येणार होतं?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. इचलकरंजीतल्या एका शाळेत पुढच्या वर्षी क्लार्कची जागा निघणार, पण पदवी लागणार, असं भावाला कुठूनसं कळलं. भाऊ माझा मोठा धोरणी. कुठली गोष्ट कमीत कमी वेळात आणि कमीत कमी पैशात कशी उरकायची, यात त्याचा हात धरणारा आमच्या गल्लीत कुणी नव्हता.

"अक्का, मुक्त विद्यापीठ हाय की! घरात बसून बी.ए. करायची. रविवारी तेवढं तासाला जायचं," तो मागांच्या वर आवाज चढवून म्हणाला.

"तीन वर्षं लागतील रं. आन् जागा पुढच्या वर्षी हाय."

"आधी नाव तर घाल. बघू पुढचं."

माझी जुनी दोन वर्षं कधीच बाद झाली असणार, असं मी धरून चालले होते. दहा-बारा वर्षांपूर्वीची गुणपत्रकं आता कोण विचारतंय? म्हणून पहिल्या वर्षालाच नाव घातलं. इचलकरंजीचं केंद्र भरलेलं होतं, मग कोल्हापूरचं मिळालं. "यष्टीचं तिकीट वाढलं की गं," म्हणून भाऊ हळहळला.

पहिल्या रविवारी सरांनी हजेरी घेतली. माझं नाव आलं आणि मी "हजर!" म्हणून अशी काही आरोळी ठोकली की सरांच्या हातातला खडू खाली पडला. सगळा वर्ग मागं वळून बघायला लागला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला होता, खांदे गदगदा हलत होते. मग ती माझ्याकडं झुकून म्हणाली, "हळू गं बाई. मी हितंच हाय."

ती आजऱ्याहून यायची. काजूच्या कारखान्यात देखरेखीला होती. आधी तिथंच काजू सोलायची, त्यामुळं बोटांची टोकं काळी पडलेली, आणि ती लपवायची मुळीच सवय नाही. दोन लेकरं सासूकडं टाकून पहाटेची गाडी धरायची. माझ्याहून लहान, पण तोंडाचा पट्टा असा की काय सांगू! सासूपासून सुरुवात करायची ती आजऱ्याच्या घनसाळ तांदळापर्यंत जायची. दुपारी कॉलेजच्या कट्ट्यावर आम्ही डबे उघडायचो. ती काजूचे तुकडे आणायची, मी भडंग न्यायची. तास सुटल्यावर स्टँडवर गाडी लागेपर्यंत पुन्हा बोलणं.

आणि मीही बोलायची, बरं का. बोलता बोलता माझा आवाज चढला की ती म्हणायची, "हळू गं, हितंच हाय मी." वडिलांच्या आजारपणाचं बोलले, कॉलेज सुटलं त्याचं बोलले, मला बघायला आलेल्या आणि पुन्हा न आलेल्या पाहुण्यांचं बोलले. कुणी नुसतं "मग?" म्हणून विचारलं तरी माणूस किती बोलतं! स्टँडवर ती खिडकीतनं हात हलवायची आणि त्या क्षणापासून मी पुढच्या रविवारची वाट बघायला लागायची. बी.ए. गेली खड्ड्यात, मला रविवार हवा होता.

दिवाळीनंतर एका दुपारी भाऊ नेट कॅफेतनं आला तो उड्या मारतच. कारखान्याच्या दारातनंच त्यानं मला दोन बोटं दाखवली आणि फुंकर मारून उडवली. मला वाटलं, दोन माग बंद पडले. जवळ येऊन ओरडला, "दोन वर्षं माफ!"

झालं होतं असं. त्यानं संगणकावर नियम शोधून काढले होते आणि मग केंद्रात जाऊन खात्रीही करून घेतली होती. माझी कॉलेजची दोन वर्षं तिथं धरली जात होती. जुन्या विषयांचे श्रेयांक इकडं वळते करून घ्यायचे आणि एकदम तिसऱ्या वर्षाला बसायचं. त्यातनं तिसऱ्या वर्षाला इचलकरंजीच्या केंद्रात जागा होती, घरापासून हाकेच्या अंतरावर.

"दोन वर्षांची फी वाचली, यष्टी वाचली, आन् शाळंतली जागाबी हातात!" तो म्हणाला. माझ्या जुन्या गुणपत्रकांसाठी आपला धंदा सोडून त्यानं कॉलेजात खेटे घातले होते. इतक्या मायेनं केलेलं काम ते.

काय सांगणार होते मी त्याला? मला लवकर नको, स्वस्त नको, जवळ नको? कुठल्या शहाण्या माणसाला हे पटेल? मी नुसती मान डोलावली. अर्ज भरून तो सहीसाठी माझ्यापुढं ठेवायचा, आणि मी पीठ मळतेय, पोराला निजवतेय असं काहीबाही दाखवून टाळायची. अर्जाची मुदत त्या शनिवारी संपत होती.

गुरुवारी त्यानं मला कारखान्यातच गाठलं. मी कांड्या भरत होते. त्यानं कागद माझ्या गुडघ्यावर ठेवला, पेन पुढं धरला. मी मान हलवून नकार दिला. त्यानं हातानंच विचारलं, का?

"लवकर नको!" मी ओरडले.

"आं?" त्यानं कानामागं हात धरला.

"नको म्हणत्ये न्हवं!"

"का पर? याड लागलंय काय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांचं सगळं घशाशी आलं आणि मी छाती फुटेस्तोवर ओरडले, "ह्या घरात माझ्याशी कोण बोलत न्हाय! एकटं वाटतंय मला!"

लोडशेडिंगची वेळ त्या आठवड्यापासून बदलली होती आणि माझ्या ते ध्यानातच नव्हतं. माझं पहिलं वाक्य मागांच्या आवाजात गेलं. दुसऱ्याच्या आधी लाईट गेली. माग थांबले, शेजारचे थांबले, अख्ख्या गल्लीतले थांबले, आणि त्या गप्प झालेल्या कबनुरात माझं एकटेपण तेवढं मोठ्यांदा ऐकू गेलं.

मागावरचा कामगार सुताची गाठ मारण्यात गुंतल्यासारखं करू लागला. वहिनी पिठाचे हात घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी. समोरच्या घरातली म्हातारी खिडकीशी. धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं वाटलं मला.

भावानं कागदाची घडी केली. "आन् शाळंतली जागा?" त्यानं विचारलं. हळू आवाजात. त्याचा हळू आवाज मी लहानपणानंतर ऐकलाच नव्हता, अगदी वडिलांसारखा होता.

"जाऊ दे," मी म्हणाले.

"बरं," म्हणून तो बाहेर गेला. शनिवारी मुदत गेली. कुणी विषय काढला नाही.

रविवारी मी कोल्हापूरला गेले ती जवळजवळ पळतच. तिला सगळं सांगायचं होतं, तुझ्यासाठी मी नोकरी सोडली बयो, आता तीन वर्षं तुझी सुटका नाही. कट्ट्यावर डबा उघडायच्या आतच ती म्हणाली, "अगं, एक झ्याक झालं. गडहिंग्लजच्या केंद्रात जागा मिळाली मला! पुढच्या रविवारपासनं तिकडंच. जवळ पडतं, यष्टी वाचती, लेकरांजवळ दुपारपत्तोर घरात."

मी म्हणाले, "व्हय? बरं झालं की."

"तूबी घे की इचलकरंजीला बदलून. कशाला मरतीस हिकडं येऊन?"

तिचं काय चुकलं? काहीच नाही. दोन लेकरांची आई, तिनं शहाणपणाच केला. तिला रविवार म्हणजे तास होता, मला रविवार म्हणजे ती होती, एवढाच काय तो फरक. मी तिचे काजू खाल्ले. तिनं खिडकीतनं नेहमीसारखा हात हलवला आणि आजऱ्याची गाडी गेली. मग माझी गाडी लागली तरी मी बाकावरच बसून राहिले. तीन वर्षं पुढं पडली होती, आणि मीच ती मागून घेतली होती. रडू आलं, आवरलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. आमच्याकडं रविवारी माग चालूच असायचे, आणि लाईट होती. शेजारच्यांचे खडखडत होते. आमचे मात्र गप्प होते. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. आत गेले तर भाऊ कारखान्याच्या उंबऱ्यावर बसला होता आणि वहिनीनं चहा ओतून ठेवला होता, दोन बोटांची खूण न करताच.

"मोडलं काय?" मी विचारलं.

"न्हाय. म्या बंद केल्यात." मग माझ्याकडं न बघता, "काय झालं आज तासाला? सांग की."

माग उगीच उभे होते, आमचा धोरणी भाऊ तोट्यात बसला होता. मी बोलले ती सवयीनं ओरडूनच. "ती गेली रं! आता येणार न्हाय ती!"

त्यानं चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

"हळू बोल, अक्का," तो म्हणाला. "हितंच हाय मी."