बाबा जपानी करी शिकले

उज्जैनच्या नानाखेडा बस स्टँडवरून मी निघाले तेव्हा आईने पोटभर रडून घेतलं आणि बाबा माझ्या बॅगा मोजत राहिले. दोन मोठ्या, एक खांद्यावरची. तीनच होत्या, तरी चारदा मोजल्या. इंदूरची बस सुटेपर्यंत त्यांनी एकच सांगितलं, "पोहोचलीस की फोन कर बेटा. आणि रडू नको, लोक बघतात." डोळे त्यांचेच भरले होते. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी मी जपानला निघाले होते, नागोयाजवळच्या एका गावात. दोन-तीन वर्षांत परत येऊ, असं सगळेच म्हणत होतो. त्याला आता सोळा वर्षं झाली.

माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांना पुढचं सांगायला नको. जे उज्जैनला राहिले, त्यांना वाटतं आम्ही तिकडे मजेत आहोत. आहोतही, नाही कशाला म्हणू! पण पहिली थंडी मी रडून काढली. फोडणीचा वास नाही, "काय चाललंय गं?" म्हणत दारात येऊन उभं राहणारं कुणी नाही. एकदा शेजारच्या आजींनी वाडगाभर करी आणून दिली. तपकिरी, घट्ट, गोडसर, आणि तिखटाचा पत्ता नाही. मनात म्हटलं, ही कसली मेली करी! पण वाडगा पुसून खाल्ला. पुढे त्यांच्याकडूनच शिकले. आता माझ्या लेकीला वरणभातापेक्षा तीच जास्त आवडते आणि त्याचं मला वाईटही वाटतं.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. माधव नगरच्या घरात बाबा एकटे उरले. सगळी नोकरी बँकेत नेकीनं केलेला माणूस, पण स्वतःपुरता चहा कधी टाकला नव्हता. डबा लावला, तर तो अर्धा तसाच परत जायचा. दर फोनवर मी एकच धोशा लावला, "बाबा, इकडे या." त्यांचंही उत्तर ठरलेलं. "तिथं येऊन मी खाऊ काय? मच्छी?"

यंदा दिवाळीनंतर मी एकटीच उज्जैनला आले, ती त्यांना सोबत घेऊनच जायचं असं ठरवून. आधी ती खाण्याची सबब मोडून काढायची होती, म्हणून म्हटलं करी करूनच दाखवते. तिकडे मिळणाऱ्या करीच्या तयार वड्यांमध्ये बहुतेक वेळा जनावराची चरबी असते, ती आमच्या घरात चालायची नाही. तेव्हा सगळं इथलंच घेतलं. बाबा ओट्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि मी काय काय करते ते बघू लागले.

कांदा मंद गॅसवर चांगला लाल होईपर्यंत परतला. गाजर आणि आलू मोठे मोठे चिरून त्यात टाकले, पाणी घालून शिजायला ठेवले. दुसऱ्या कढईत तुपावर मैदा भाजायला घेतला. बदामी रंग आल्यावर त्यात हळद आणि धने, जिरे, मिरी, बडीशेप यांची पूड घातली. वास सुटला तसे बाबा म्हणाले, "हे तर लाडवाचं चाललंय!" मग मी सफरचंद किसायला घेतलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "सब्जीत सफरचंद? हद्द झाली बुवा! तुझी आई असती तर तुला किचनमधून बाहेर काढलं असतं." तरी मी ते किसून भाजीत टाकलंच. मग भाजलेलं पीठ कालवलं, चमचाभर सोया सॉस घातला आणि ढवळत राहिले.

जाड्या तांदळाच्या भाताशेजारी करी वाढली. बाबांनी डबा उघडला आणि वरून मूठभर शेव घातली. म्हटलं, "अहो बाबा!" तर म्हणाले, "तुझ्या जपानवाल्यांना सांग, एवढंच कमी होतं." एक ताट संपलं. त्यांनी आणखी मागितली. आई गेल्यापासून त्यांना दुसऱ्यांदा वाढून घेताना मी पाहिलं नव्हतं. जमलं, मला वाटलं. आता हे येतील.

जेवण झाल्यावर ते वही आणि पेन घेऊन आले. "लिहून दे. आलू किती, पाणी किती, सगळं."

"तुम्हाला कशाला? तिथं मीच करून घालीन ना."

"बेटा, मी येणार नाही." चष्मा पुसत, अगदी साधेपणानं म्हणाले. "पण हे मी इथं करून खाईन. मग तिथं जेवताना तू माझी फिकर करायची नाही. बस." मी काही बोलणार, तेवढ्यात पुढे म्हणाले, "आपले पूर्वजही महाराष्ट्रात कुणाला तरी मागे ठेवूनच या गावात आले होते. तुला कोण नावं ठेवतंय?"

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, आधी मला हायसं वाटलं. आमच्या त्या दोन खोल्या, लेकीची परीक्षा, माझी नोकरी, दिवसभर भाषेवाचून मुके बसलेले बाबा, हे सगळं ओझं एकदम उतरलं. माझ्या चेहऱ्यावरचं ते हायसं वाटणं बाबांनी पाहिलं. पाहिलं, आणि लगेच पाठ फिरवून आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागले. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हं, पाणी किती म्हणालीस?" त्यांनी तिकडे तोंड करूनच विचारलं. मी सांगितलं, आणि वहीत लिहून दिलं.

आता दर रविवारी बाबा फोन समोर उभा करून करी करतात. पहिल्यांदा पीठ करपलं, दुसऱ्यांदा गुठळ्या झाल्या, हल्ली चांगली होते म्हणतात. मी "वा वा" म्हणते. "इकडे या" असं मी आता म्हणत नाही, आणि म्हणत नाही याबद्दल ते एका शब्दानं काही विचारत नाहीत.

तुझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी पटकन उज्जैन म्हणायचे. अजूनही तेच म्हणते, फक्त हल्ली पटकन नाही. मला मोकळं करायला माझा बाप चौऱ्याहत्तराव्या वर्षी जिथं मैदा भाजायला शिकला, ते माझं घर. आणि मी तिथं राहत नाही.