स्टोव्ह, मोरी आणि पश्चात्ताप

"मॅडम, यात पश्चात्ताप कुठे दिसतो?"

मुलुंडच्या हॉलचे चेअरमन एका चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. उद्घाटनाला तास उरला होता.

मी तेव्हा तुरुंगात वेल्फेअर ऑफिसर होते. म्हणजे कैद्यांची पत्रं, घरच्यांच्या भेटी आणि 'सुधारणा होत आहे' असं वर लिहून पाठवणं. ऐंशीच्या दशकात ती सुधारणा लोकांना दाखवायला कैद्यांच्या चित्रांची प्रदर्शनं भरायची. बाकीची चित्रं अगदी शिस्तीत होती. बेड्या, गजांआडून उगवणारा सूर्य, रडणारी आई. सगळ्यांची आई एकाच कॅलेंडरवरून उतरवलेली.

महादेवने मात्र आपल्या घाटकोपरच्या खोलीतला स्वयंपाकाचा कोपरा काढला होता. उजवीकडे स्टोव्ह, डावीकडे मोरी, दोरीवर लहान फ्रॉक. हा साइनबोर्ड पेंटर. नळावरच्या भांडणात शेजाऱ्याच्या डोक्यात कळशी घातली, माणूस गेला, याला जन्मठेप. बायको आधीच वारलेली. मुलगी सुनंदा जोगेश्वरीला मावशीकडे वाढली. सहा वर्षांत एकदाही भेटीला आली नव्हती. मी तिला प्रदर्शनाचं पत्र टाकलं होतं. महादेवला सांगितलं नव्हतं.

चेअरमनसाहेबांनी तोडगा काढला. चित्रावर चार काळे गज मारायचे. गेटचा ऑइलपेंट उरलाच होता. मुलगी आलीच, तर तिला घर दिसावं, गज नकोत, असं मला वाटत होतं. मी म्हटलं, चित्र सरकारी मालमत्ता आहे, बदलासाठी तीन प्रतींत अर्ज लागेल. नियम मी तिथेच रचला. साहेब अर्जाला घाबरले. शेवटी चित्राखाली 'पश्चात्ताप' अशी पट्टी लावायचं ठरलं.

प्रमुख पाहुण्यांनी पट्टी वाचली आणि स्टोव्हकडे बघत म्हणाले, "डोळ्यांत केवढी वेदना आहे." चित्रात माणूसच नव्हता.

संध्याकाळी सुनंदा आली. पट्टी तिने वाचलीच नाही. चित्राच्या अगदी जवळ जाऊन तिने ते निरखलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना सांगा, स्टोव्ह डावीकडे होता. मोरीला लागून."

दुसऱ्या दिवशी मी महादेवला निरोप दिला.

"डावीकडेच होता," तो म्हणाला. "म्हणजे तिला आठवतंय."

पुढच्या महिन्यात भेटीच्या यादीत तिचं नाव आलं. जाळीच्या दोन बाजूंना बापलेक वीस मिनिटं त्या खोलीतल्या फळीवरच्या डब्यांवरून वाद घालत होते. भेटीची वेळ संपल्याचं मी जरा उशिराच सांगितलं.

रिपोर्टात 'प्रदर्शनाचा परिणाम' या रकान्यात मी घडलं ते सगळं लिहिलं. वरून शेरा आला: एका शब्दात कळवावे. मी 'समाधानकारक' असं कळवलं. नोकरीत शिकले ते एवढंच, की रकाना बोटभर असला तर खरं उत्तर लिहायच्या भानगडीत पडू नये.